आत्या की मावशी

पुस्तकांवर इतकं प्रेम करणारी आणि पुस्तकांचे इतके हाल करणारी दुसरी बाई पृथ्वीच्या पाठीवर नसेल. नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावात आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या मैत्रिणीची ही आई. पुण्यात कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, लेकीकडे तीन महिन्यांसाठी आल्या आणि करोनानं विमानं बंद पडली म्हणून दीड वर्ष राहिल्या. सगळे त्यांना 'बाई' म्हणत, जावईसुद्धा. बाईंनी आयुष्याची तीस वर्षं व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका कादंबरीकार बाईला वाहिली होती. तिच्या कादंबऱ्यांना नव्हे. ती आणि तिच्या भोवतीची माणसं काय वाचायची, कसं वाचायची, कोण मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि कोण ऐकता ऐकता पायमोजे विणायचं, याला. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, "म्हणजे दुसऱ्यानं वाचलेलं तुम्ही वाचता?" त्या म्हणाल्या, "तू सॉफ्टवेअर टेस्टर ना? दुसऱ्यानं लिहिलेलं तपासतेस. आपण दोघी एकाच धंद्यातल्या."

आमच्या अख्ख्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणालाही सांगते, न विचारता सांगते. पुस्तकाला चुकून पाय लागला तर ते कपाळाला लावायचं, वर्तमानपत्राचं कव्हर घालायचं, आणि पुढच्या वर्षी ते दुसऱ्या मुलीकडे जायचं असतं म्हणून पेन्सिलीची रेघसुद्धा ओढायची नाही, अशी मी शिकले. त्यामुळे पहिल्या लॉकडाऊनमध्ये गावातली लायब्ररी बंद झाल्यावर बाईंनी सातशे पानांची एक कादंबरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर आडवी घातली आणि पाव कापायच्या सुरीनं तिचे तीन तुकडे केले, तेव्हा माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. "त्या काळी कादंबऱ्या तीन भागांतच निघायच्या," बाई म्हणाल्या. "आता तीन घरं एकदम वाचतील. हा मधला तुला घे." मी म्हटलं, पहिला भाग न वाचता मधला कसा वाचू. "अगं, लायब्ररीतून जो भाग मिळेल तो वाचायचे लोक. ऑफिसात तू पहिल्यापासून असतेस का प्रत्येक प्रोजेक्टवर?" मधला भाग घरी नेला आणि त्याला कव्हर घातलं.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर खांबावर एक लाकडी पेटी आहे. कुणीही तिच्यात पुस्तक ठेवावं, कुणीही न्यावं. बाई तिथून इंग्रजी पुस्तकं आणायच्या, शेवटचं पान आधी वाचायच्या, समासात मराठीत शेरे मारायच्या आणि पुस्तक परत पेटीत. त्यांची ती कादंबरीकार पण म्हणे असंच करायची. एकदा शेजारचे डच आजोबा दीड मीटर अंतर राखून माझ्या दाराशी उभे राहिले आणि एक पुस्तक उघडून विचारू लागले की ही लिपी तुमची का, आणि इथं काय लिहिलंय. पान चाळीसवर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'हा माणूस लग्नाच्या लायकीचा नाही. पुढे कळेलच.' मी हबकले, आणि म्हटलं, हा आमच्याकडचा एक प्रकारचा आशीर्वाद आहे. आजोबा खूश होऊन गेले. अडचणीत सापडले की मी असं काहीतरी पटकन बोलून जाते. पुढे ते मला चांगलंच भोवणार होतं.

मग बाईंनी रविवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर वाचनमंडळ सुरू केलं. त्या स्वतः, त्यांची लेक, मी आणि एनस्खेडेच्या विद्यापीठात संशोधन करणारा एक मुलगा. आपल्या त्या कादंबरीकार बाईची एक कादंबरी बाई त्या काळात मराठीत आणत होत्या. वहीतल्या पानांचे फोटो पाठवत आणि आम्ही पाळीपाळीनं मोठ्यानं वाचायचं. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी हातात काम घ्यायचं, हा नियम. मुलगा सायकलची चेन साफ करायचा. एका रविवारी माझा दुसरा फोन अकोल्याकडे, माझ्या आईला लावलेला होता, आणि तो मी ठेवायचा विसरले. तिकडून आवाज आला, "कोन वाचून राह्यलं वं? मलेबी आयकू दे." पुढच्या रविवारपासून आई मंडळात. भावाच्या मोबाइलसमोर बसून गोधडीला टाके घालायची.

तीन आठवड्यांनी बाई म्हणाल्या, "आता अकोल्याची पाळी." मी पहिली पदवीधर हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्या आईला अक्षर ओळखता येत नाही हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. "तिला मोतीबिंदू आहे," मी म्हटलं. त्या वेळी आईकडचा आवाज बंद होता, भाऊ फोन चार्ज करायला घेऊन गेला होता. फोन परत आल्यावर तिच्या जागी मीच वाचलं.

दुसरं कुणी असतं तर 'अरेरे' म्हणून सोडून दिलं असतं. बाईंनी पुण्यातल्या ओळखीतून अकोल्याचा डोळ्यांचा डॉक्टर शोधला, माझ्या भावाचा नंबर मैत्रिणीकडून मिळवला आणि परस्पर वेळ ठरवली. मला कळलं तेव्हा आई तपासून घरी आलेली होती.

त्या रविवारी मी कॅमेऱ्यासमोर बसले ती कान पाडून. आईच बोलली. "डाक्टर म्हने, डोये पोरीसारखे हायेत. मोतीबिंदू नाही. मले वाचताच येत नाही, बाई. शायेत गेलीच नाही मी. इले लाज वाटली असंल, म्हून बोलली थे."

एनस्खेडेचा मुलगा उगाच चेनकडे बघायला लागला. मला वाटलं कॉल तुटावा. बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. "म्हणून पाळी सुटत नाही," त्या आईला म्हणाल्या. "मागच्या रविवारचं सांगा."

आणि आईनं सांगितलं. अख्खं प्रकरण, कोण कुठल्या खुर्चीवर बसलं होतं त्यासकट. मी स्वतः वाचलेलं प्रकरण, मला त्यातलं निम्मं आठवत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "पन एक इचारू? थे बुढी पयले त्या पोरीची आत्या होती. मांगच्या बारीले मावशी कशी झाली?"

बाई हसल्या. "अहो, इंग्रजीत दोघींना एकच शब्द."

"मंग तुमाले कसं समजलं कोनती हाय थे? आत्या असंल तं आपल्या पोरासाठी पोरगी मांगून राह्यली. मावशीचं पोरगं तं भाऊ लागते."

बाईंनी चष्मा काढला. मग हळूच म्हणाल्या, "मला समजलेलंच नाही." त्या दिवशी वाचन झालं नाही. बाई पहिल्या पानापासून शोधत बसल्या आणि चार दिवसांनी आईला फोन करून म्हणाल्या, "आत्याच. मी त्या म्हातारीला इतकी वर्षं नुसती प्रेमळ समजत होते."

मला मात्र त्यांनी सोडलं नाही. मास्क लावून दाराशी आल्या. "खोटं बोललीस त्याचा राग नाही. माझ्यामुळे त्या माउलीच्या डोळ्यांत औषध घातलं, दोन तास तिला उजेड सोसला नसेल, त्याचा आहे." आणि वळता वळता, "इतकं शिकलीस, कधी तिला काही वाचून दाखवलंस का गं?"

विमानं सुरू झाली आणि बाई पुण्याला गेल्या. मंडळ पांगलं. रविवारी दुपारी मी आईला फोन लावते तर तो लागत नाही. पुण्याहून बाईंचं तिला वाचून दाखवणं चालू असतं. परवा खूप उशिरानं लागला. म्हटलं, आता कोणतं पुस्तक चाललंय, मलाही त्या कॉलवर घ्या की.

आई म्हणाली, "आता मधातूनच येऊन तुले काय समजंल वं. पयल्यापासून बसावं लागते."