मुक्काम पोस्ट जीप

देशातल्या तमाम लॉजवाल्यांनी ज्याच्या नावाने कपाळाला हात लावावा असा एक माणूस बीड जिल्ह्यात आहे, आणि तो माझा सख्खा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. सिरसाळ्यात त्यांचं दोरखंड, ताडपत्री, घमेली, पोती असल्या शेतीसामानाचं दुकान आहे. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात बंडी, आणि समोरच्याने आत्ताच काहीतरी महागात विकत घेतलंय अशी चेहऱ्यावर कायमची कीव. तर या गृहस्थांनी उभ्या आयुष्यात भाड्याच्या गादीला पाठ लावलेली नाही. "खोलीला चार भिंती असतेत सायब," ते मला म्हणत, "अन चारीबी दुसऱ्याच्या." मी बीडला सरकारी कचेरीत खर्डेघाशी करतो, पण आप्पांच्या लेखी मी सायब. या सायबात आदर किती आणि टोमणा किती हे मला अजून उमगलेलं नाही.

आमच्याकडे मोटारींचं वारं नुकतं सुटलं होतं ते दिवस. घरोघर केबल आली होती, चौकाचौकात एसटीडीचे बूथ उगवले होते, आणि काल-परवापर्यंत सायकल हाणणारे लोक लहानशा चकचकीत गाडीतून काच खाली करून नमस्कार घालायला लागले होते. आप्पांकडेही चार पैसे होते. तेही नवी गाडी घेणार असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. आप्पांनी घेतली ती दिंद्रुडची एक जुनी, लांब पोटाची जीप. बाजाराच्या दिवशी पाशिंजर कोंबून तिची हाडं खिळखिळी झालेली. माणूस गाडी घेताना इंजिन बघतो, टायरवर लाथ मारून बघतो. आप्पा थेट मागच्या दाराने आत शिरले, आडवे झाले आणि डोळे मिटून पडून राहिले. मालकाला वाटलं यांना भोवळ आली. तो बिचारा पाण्याचा तांब्या घेऊन धावत आला. आप्पांनी एकदा या कुशीवरून त्या कुशीवर होऊन पाहिलं, पाय ताणले आणि उठून म्हणाले, "बसतंय. बोला आता." इंजिन आहे का नाही, हे त्यांनी नंतर विचारलं.

मग त्या जीपचा संसार थाटला गेला. मागच्या दोन बाकांच्या मधे टाकायला फळ्या, फळ्यांवर गादी, खिडक्यांना ताडपत्रीचे पडदे, टपाला कंदिलाचा हूक, आणि पुढे बंपरला पाण्याची छागल. ही कॅनव्हासची पिशवी झिरपत राहते आणि आतलं पाणी वाऱ्याने गार होतं, एवढं आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. घाट चढून इंजिन तापलं की आप्पा एक पोतं भिजवून बॉनेटवर अंथरत. माणसाला ताप आल्यावर कपाळावर घडी ठेवतात तसंच. पण त्यांचा सगळ्यात जास्त जीव होता बॅटरीवर. बॅटरीला ते कधी नुसतं बॅटरी म्हणत नसत, 'आपली बॅटरी' म्हणत. चांदणं असलं की हेडलाइट बंद. "देवानं येवढा दिवा टांगलाय, आपला कावून जाळायचा?" हॉर्नसुद्धा वाजवायचे नाहीत, खिडकीतून हात काढून दार बडवायचे. एकदा त्यांच्या शेजारी बसून मी अंधाऱ्या रात्री परळीहून सिरसाळ्याला आलो. दिवे फक्त समोरून गाडी आली तरच लावायचे, असा त्यांचा नियम होता. मी घरी पोचलो तेव्हा मला देवाचं नाव घ्यायला कुणी सांगावं लागलं नाही.

त्यांची ही तऱ्हा निव्वळ चिकटपणाची म्हणावी, तर फुकटची खोलीही त्यांना चालत नसे. लातूरला आमच्या मेहुण्याचं लग्न होतं. मुलीकडच्यांनी जावयांसाठी म्हणून खास खोल्या, नव्या गाद्या, पंखे, सगळा जामानिमा केला होता. आप्पांनी हातपाय धुतले आणि निमूटपणे जीपमध्ये जाऊन झोपले. झालं, मांडवात हलकल्लोळ! वरपक्षाचे थोरले जावई रुसले! कुणी म्हणालं टोपी हलकी दिली, कुणी म्हणालं चहा आधी धाकट्याला, म्हणजे मला, दिला. पहाटे मुलीचे वडील, दोन चुलते आणि एक जंगम स्वामी असं शिष्टमंडळ नारळ, टॉवेल-टोपी घेऊन जीपच्या मागच्या दाराशी हात जोडून उभं राहिलं. आप्पांनी ताडपत्री बाजूला सारून नुसतं डोकं बाहेर काढलं. "काय चुकलं असंल तर पदरात घ्या," मुलीचे वडील काकुळतीने म्हणाले. "काय न्हाई चुकलं," आप्पा म्हणाले, "पण चहा आणलाय का?" टॉवेल-टोपी मात्र त्यांनी ठेवून घेतली. नको म्हटलं असतं तर रुसवा खरा ठरला असता.

आता अक्कांविषयी सांगायला हवं. अक्का म्हणजे आप्पांच्या पत्नी, माझ्या बायकोची थोरली बहीण. आप्पा जेवढे तुटक, तेवढ्या अक्का बोलक्या आणि हसऱ्या. दुकानात गल्ल्याच्या मागे एका खतवाल्याचं जुनं कॅलेंडर टांगलेलं होतं. त्यावर बर्फाचा डोंगर. वर्ष कधीच उलटून गेलं होतं, पण चित्रासाठी म्हणून अक्कांनी ते काढू दिलं नव्हतं. पुढे अक्कांच्या डोळ्यांना त्रास सुरू झाला. चालताना बाजूची बादली दिसेना, परातीचा काठ दिसेना. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. म्हणाले, नजर कडेकडेने विझत येते, गेलेली परत येत नाही, औषधाने फार तर सावकाश जाईल.  परतताना जीपमध्ये अक्का म्हणाल्या, "मला बर्फ पडताना बघायचंय. पडलेलं न्हाई हं. पडताना." आप्पांनी गिअर बदलला आणि म्हणाले, "मग जाऊ."

मी उत्साहाने लॉजची चौकशी सुरू केली. चार-पाच ठिकाणी फोन लावले. आप्पांनी माझ्या हातातला रिसीव्हरच खाली ठेवला. "लॉजवाला म्हणनार दोन दिवस ऱ्हावा, तीन दिवस ऱ्हावा. ढगाला कोन सांगनार दोन दिवसात पड म्हनून? जीप हाय. पडंस्तवर थांबू." त्यात खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. माझी रजा ठरलेली होती. तरीही भर माघात आम्ही दोन जोडपी त्या जीपमधून सिरसाळ्याहून निघालो आणि मजल दरमजल करत मनालीच्या वर, लोक पायाला पट्ट्या बांधून बर्फावरून घसरतात त्या ठिकाणी जाऊन पोचलो. वाटेत माझ्या पाठीचं जे झालं ते मी इथे लिहीत नाही. चौघं आडवी झाल्यावर फळ्यांवर कूस बदलायची, तर ती सगळ्यांनी एकदम बदलावी लागे. त्याचा हुकूम आप्पा देत: "हं, आता डाव्या अंगावर."

तिथे नवं बर्फ नव्हतं. सावलीत जुनं, मळकं बर्फ साचून राहिलेलं, आणि वर उतारावर घसरणाऱ्यांची गर्दी. आप्पांनी कमरेवर हात ठेवून बराच वेळ तो प्रकार पाहिला. "आधी वर चढायचं, मग घसरत खाली यायचं, अन वरून पैसे द्यायचे," ते म्हणाले. "आमच्या मांजरसुंब्याच्या घाटात ट्रक फुकट घसरतेत." मग त्यांनी शेजारच्या चहावाल्या पहाडी माणसाला गाठलं. "भैय्या, हमकू खोली नको. तुमारे बाजू में गाडी लगाने कू जागा होना." त्या माणसाला 'नको' कळेना आणि 'होना' तर त्याहून कळेना. पण आप्पांनी जीपचं मागचं दार उघडून गादी दाखवली, तेव्हा तो हसला आणि त्याने दगड सरकवून जागा करून दिली.

आणि इथे आप्पांचा सिरसाळी हिशेब चुकला. चढणीने इंजिन तापलं होतं. आप्पांनी नेहमीप्रमाणे पोतं चांगलं भिजवून बॉनेटवर अंथरलं. धुतलेलं धोतर मागच्या दारावर वाळत घातलं, छागल भरून बंपरला टांगली, आणि आम्हाला डाव्या अंगावर करून झोपले. सकाळी पोतं बॉनेटला असं काही चिकटलं होतं की जणू पत्र्यावर पत्रा ठोकलाय. धोतर दारावर आडवं, फळीसारखं ताठ. आप्पांनी ते उचलून टपरीच्या भिंतीला टेकवून ठेवलं, तर ते उभं राहिलं! छागलीवर त्यांनी टिचकी मारली, ती दगडासारखी वाजली. चहावाला पोट धरून हसत होता. "थंडा पानी चाहिए था, बाबूजी?" आप्पा गंभीरपणे म्हणाले, "लई गार झालं." पुढे तासभर चहाच्या किटलीतलं गरम पाणी थेंबथेंब ओतून आम्ही ते पोतं सोडवत होतो. शिवाय आंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय आप्पा तोंडात पाणी घेत नाहीत. त्या थंडीत उघड्या अंगाने तळहातावर लिंग घेऊन त्यांनी जो नामजप केला, त्याचा वेग आमच्या कचेरीतल्या टायपिस्टलाही जमला नसता.

दिवस जात होते आणि आकाश निळंशार, कोरडं. अक्का पुढच्या सीटवर शाल गुंडाळून, डोळ्यांत औषधाचे थेंब घालून बसून राहत. मधूनच विचारत, "आलं का आभाळ?" आप्पा वाकून वर बघत आणि म्हणत, "येईल." दुसरं काही म्हणत नसत. माझ्या पाठीने आणि बायकोच्या सर्दीने मात्र शरणागती पत्करली. आम्ही दोघं खाली गावात एका लॉजमध्ये गेलो. जाड रजया, गरम पाणी, लाकडी झडपा. माझी रजा संपत आली होती, आम्हा दोघांना दुसऱ्या दिवशी परतायला निघायचंच होतं. आप्पांनी अडवलं नाही. एवढंच म्हणाले, "झोपा, सायब. पैशे भरलेत तर नीट झोपा."

आम्ही नीट झोपलो. सकाळी झडप उघडली तर सगळं पांढरं, आणि वर लख्ख ऊन. धडपडत वर पोचलो. जीपवर कमरेइतकं म्हणता येणार नाही, पण चांगलं जाड बर्फ साचलेलं, फक्त पुढची काच तेवढी स्वच्छ. काचेमागे अक्का बसलेल्या. त्यांचा चेहरा बघून मला काही विचारावंच लागलं नाही. "दाजी, पडलं!" त्या म्हणाल्या. "पहाटं यांनी उठवलं. म्या बाहेर गेलते, तर नुसतं पांढरं-पांढरं, धुरकट. काय पडतंय, काय न्हाई, मला काईच कळंना. रडूच आलं बगा. मग यांनी मला आत बशिवलं अन समोरचे दिवे लावले. अन उजेडात काय सांगू तुमाला! येक-येक कापसाची पाकळी! येक-येक दिसली मला."

आप्पा हातात शिंदीचा फडा घेऊन बाहेर उभे होते. पाहतो तर त्यांच्या पाठीवर, टोपीवर, मिशांवर बर्फ. दिवे लागल्यापासून ऊन येईपर्यंत हा माणूस काचेवरचं बर्फ झाडत उभा होता, तिला दिसावं म्हणून. पाठ बर्फाकडे, तोंड काचेकडे. मी विचारलं, "आप्पा, तुम्ही पाहिलं का बर्फ?" ते जरासे चिडून म्हणाले, "मी कावून बघू? मला काय डोळे न्हाईत का? पुन्ना कवाबी बघन." मग खालच्या आवाजात म्हणाले, "सायब, जरा धक्का मारता का? आपली बॅटरी गेली."

ज्या माणसाने चांदण्यात कधी दिवा लावला नाही, त्याची बॅटरी पार निपचित पडली होती. मी, माझी बायको, चहावाला आणि पट्ट्या घेऊन आलेली दोन अनोळखी माणसं, अशा आम्ही सगळ्यांनी मिळून ती जीप उतारावरून ढकलली. मी दोनदा तोंडावर आपटलो. माझ्या वाट्याचं बर्फ ते एवढंच.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. आप्पांनी पुन्हा कधी बर्फ पाहिलं नाही. अक्कांची नजर गेली. उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. जीपही चालत नाही. ती दुकानाच्या मागच्या अंगणात लिंबाखाली उभी असते, चाकांत हवा नाही, पण बॅटरी आप्पा न चुकता चार्ज करून आणतात. परवा वैशाखात मी सिरसाळ्याला गेलो, तर दिवेलागणीला दोघं जीपमध्ये पुढच्या सीटवर बसलेली. समोरचे दिवे लावलेले, उजेडात धूळ आणि पाखरं उडत होती. मी मागे जाऊन बसलो आणि न राहवून म्हणालो, "आप्पा, बॅटरी जळतेय की."

"जळू द्या," आप्पा म्हणाले. "तिला उजेड कळतोय अजून."

अक्का समोर तोंड करून हसल्या. "लई पडतंय का हो?"

"लई पडतंय," आप्पा म्हणाले. मग माझ्याकडे न वळताच त्यांनी हुकूम सोडला, "सायब, मागलं दार लावून घ्या. तिला थंडी वाजंल."

बाहेर सिरसाळं दिवसभराच्या उन्हाने अजून भाजत होतं. माझा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. मी दार लावून घेतलं.