मीठ कमी

खारघरच्या एका डिझाइन कॉलेजात माझी भाची शिकवते. तिने मुलांसाठी 'बेटावरच्या कला' अशी सहल काढली आणि पनवेलला घरी भरतकामाचे क्लास घेणाऱ्या मावशीलाही, म्हणजे मला, सोबत ओढलं. गव्हाणच्या पुढे बरंच आत गेल्यावर मी विचारलं, बेट कुठाय? ती म्हणाली, आपण बेटावरच आहोत. गाडी थेट गावात शिरली होती. चहूकडे मुरमाचा भराव, त्यावर पत्र्याचं कुंपण, पलीकडे डंपर. मला आधी हसू आलं, मग राग आला. पाणी गेलं तरी बेटाचं नाव उरतं, आणि नाव आहे तोवर सहली येणारच.

मुलांनी उपड्या घातलेल्या होड्यांचे फोटो काढले. एका होडीखाली कोंबड्या कोंडल्या होत्या, तिचे जरा जास्तच काढले.

शेवटच्या घराच्या ओटीवर एक म्हातारी जाळं विणत होती. लाकडी सुई अशी सरसर चालत होती की माझ्यासारखीचेही हात शिवशिवले. जाळं होतच आलं होतं. भाचीला ते कॉलेजच्या प्रदर्शनात छताला टांगायचं होतं. म्हातारी न्या म्हणाली, इथे ते कोणाच्याच कामाचं नव्हतं. पण तशी रीत नव्हती. नवं जाळं आधी खाडीत बुडवायचं आणि ओलं असतानाच शेवटची गाठ तांडेलाने मारायची. त्याशिवाय ते घराबाहेर जात नाही. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, इथे तिचा नवरा. तो अंगावरून वारं गेल्यापासून आत खाटेवर पडून होता.

मी कुंपणाकडे बघितलं. तिने मला बाजूला घेतलं.

"त्यांना ठावं नाय, बाय. खाडी बुजवली ती मी सांगितलीच नाय. पाण्याचा आवाज का येत नाय म्हनून इचारलं की मी सांगतं, ओहोटी हाय."

डंपरचं काय, मी विचारलं. तर म्हणे, रस्ता होतोय असं सांगून ठेवलंय. शेजारपाजाऱ्यांनाही तिने बजावलं होतं. खोटं बोलायलासुद्धा एवढी मेहनत पडते हे मला त्या दिवशी कळलं.

मग ती चुलीपाशी गेली. घमेल्यात नळाचं पाणी ओतलं, बरणीतून मूठभर मीठ घातलं आणि हाताने ढवळलं. जाळं त्यात बुडवून तिने पाणी निथळू दिलं. मुलांपैकी कोणी मोबाइल वर केला नाही, एवढा त्यांचा चांगुलपणा म्हणायला हवा.

आत अंधार होता. तिने ओल्या जाळ्याचं टोक त्याच्या चांगल्या हातात दिलं आणि म्हणाली, आताच बुडवून आणलं, भरती लागलीय. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. तो खरंच उजळला, आणि मला वाटलं, निभावलं बाईने. त्याने टोक दातात धरलं, एका हाताने फास केला आणि गाठ आवळता आवळता थांबला. ओठांवरून जीभ फिरवली.

"मीठ कमी हाय गो," तो म्हणाला. "तुझ्या कालवनासारखा."

बाहेर एक डंपर रिकामा झाला.

"कवा बुजवली?"

"तुमी पडलाव, तवाच," ती म्हणाली आणि खाली बसली.

त्याने दोरा सोडला. गाठ सुटली. त्याने तोंड भिंतीकडे वळवलं, आणि आम्ही सगळे ओटीवर आलो. भाचीने जाळ्याचं नाव काढलं नाही.

गाडी वळत होती तेव्हा म्हातारी बाहेर आली. ओलं जाळं घरात ठेवलं की कुजतं. तिने ते दोन्ही हातांनी झटकलं आणि पत्र्याच्या कुंपणावर वाळत घातलं.