पोळ्याच्या बैलांखाली दुसऱ्याचं नाव

मित्रहो, आज दुपारपासून एक शंका डोक्यातून जाऊन नाही राहिली, म्हणून लिहितो.

आमच्या पांढुर्ण्यातली एक बातम्यांची वेबसाइट सणावाराला आपला लोगो सजवते. त्यातली बरीच चित्रं कित्येक वर्षांपासून मी काढतो, बाकीची दुसरे चित्रकार. आज त्यांनी सगळ्या जुन्या लोगोंची यादी टाकली. प्रत्येक चित्राखाली वर्ष, सण आणि चित्रकाराचं नाव. मी हौसेनं पाहत गेलो, तर माझ्या पोळ्याच्या बैलांखाली संपादकाच्या साळ्याचं नाव!

लगेच संपादकाला फोन लावला. म्हटलं, "भाऊ, एका चित्राखाली माझं नाव नाही."

"अरे गजूभाऊ, टायपिंगची चूक असंन. आत्ताच सुधरवतो," म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

पाच मिनिटांत बैलांखाली माझं नाव आलं.

बायको म्हणाली, "झालं ना मनासारखं? मंग काहून तोंड पाडून बसले?"

यादीत माझी तीस-चाळीस चित्रं आहेत. त्यातलं कोणतं, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. त्यानंही विचारलं नाही.

खरंच चूक असती, तर त्यानं आधी हेच विचारलं नसतं का? तुम्हाला काय वाटते?