रोडेलची जर्सी

बाल्कनी पुसून फडकं पिळताना त्यावरचा निळा बिल्ला दिसला. हे फडकं म्हणजे ऑफिसातल्या रोडेलची क्लबची जर्सी. फिलिपिन्समधल्या त्याच्या गावच्या फुटबॉल क्लबचे आधी त्याचे वडील गोलकीपर होते, मग तो.

एका रविवारी इथल्या बिशान भागातल्या मैदानावर आमची मॅच संपली आणि त्याला क्लब बंद झाल्याचा मेसेज आला. त्यानं अंगातली घामट जर्सी काढली, नीट घडी घालून माझ्या हातात दिली.

"तू ठेव. मला आता बघवणार नाही."

मी म्हटलं, "बरं. पुढच्या रविवारी सातलाच ना?"

"हो," म्हणाला, पण परत कधी खेळायला आला नाही.

आमच्याकडे जुन्या टीशर्टचं नेहमी शेवटी फडकंच होतं. ही जर्सी कधी फाडली, आठवतही नाही. वाईट वाटायला हवं होतं. मी बिल्ल्याची बाजू वर करून फडकं वाळत घातलं. उद्या त्यानंच किचन पुसायचंय.