कॅरॅव्हानच्या छतातल्या फटी

पोरांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी एका सुरात विचारलंत, "आजी, आपलं चाकांचं घर भंगारात गेलं का?" तुमच्या आजोबांनी तशी बातमी आधीच तुमच्या कानावर घातली होती. मी उत्तर द्यायला गेले आणि मला हसूच आवरेना. आजोबा उठून दुसऱ्या खोलीत गेले. म्हणून आता, सगळं ताजं आहे तोवर, लिहून पाठवते.

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये आम्ही इतकी वर्षं राहिलो ती भाड्याच्याच घरांत. भिंतीत खिळा मारायचा तर मालकाला विचारा आणि घर सोडताना ते भोक बुजवून द्या. तळ्याकाठी उभी असलेली ही जुनी कॅरॅव्हान, इथल्या भाषेत वोनवागन, हे या देशात आमच्या मालकीचं एकमेव छप्पर. आणि मार्चमध्ये तेच गळायला लागलं.

आजोबा पडले इंजिनिअर. त्यांनी बोटाने छत दाबून पाहिलं आणि निकाल दिला. "संपलं हे. मी भंगारवाल्याशी बोललोय. महिनाअखेरच्या सोमवारी ओढून नेईल."

"अहो, तोवर मी दुरुस्त केलं तर?"

"तू?"

"मी."

"कर की. पण आत एक थेंब दिसला तरी सोमवार नक्की."

शर्त लागली! मला वीस वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटलं. कॅरॅव्हानबरोबर आलेलं माहितीपुस्तक मी शब्दकोश घेऊन शेवटपर्यंत वाचलं आणि कामांची यादी दारामागे चिकटवली. छतावर पाय द्यायचा नाही, पत्रा चेपतो. शेजारच्या जागेवर राहणाऱ्या जर्मन बाईंनी त्यांच्या दोन शिड्या दिल्या. शिड्यांवर आडवी फळी टाकली आणि त्या फळीवर मी पोटावर झोपून काम केलं. खालून आजोबा दर पाच मिनिटांनी ओरडत होते, "अगं, वय काय तुझं!"

"तुमच्यापेक्षा चार वर्षांनी कमी!"

छताच्या कडेने अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, त्या काढल्या. निघालेले स्क्रू इडलीपात्राच्या खळग्यांत ठेवले, एका पट्टीचे एका खळग्यात, म्हणजे परत लावताना गोंधळ नको. सांध्यांतलं जुनं सीलंट, म्हणजे फटी बुजवायचा लगदा, वाळून जुन्या चिंचेच्या गोळ्यासारखं काळं, कडक झालं होतं. ते प्लास्टिकच्या पात्याने खरवडायला दोन दिवस गेले. मग स्पिरिटने पुसणं, ब्यूटिल रबराची चिकट पट्टी लावणं, वर नवं सीलंट आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट त्यावरून फिरवणं. करंजीची कड दाबताना जसं बोटाला कळतं ना, इथे बसली, इथे नाही बसली, अगदी तसंच कळत होतं. एवढी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती!

शेवटी उरली मधली खिडकी, छतात बसवलेली, वर उघडणारी. तिच्या चौकटीखाली मला ओळीने बारीक फटी दिसल्या. मी जवळजवळ किंचाळलेच. "अहो, सापडलं! इथूनच येत होतं पाणी!" एकेक फट सीलंटने गच्च भरली. आजोबांनीही शिडी चढून पाहिलं आणि पहिल्यांदाच म्हणाले, "शाब्बास. काही सोडलं नाहीस."

दोन दिवस वाळू दिलं. मग शुक्रवारी दुपारी छतावर तासभर नळी धरली. आत टिपूस नाही! तो आनंद साजरा करायचा म्हणून मी दारं-खिडक्या लावून आतल्या शेगडीवर कुकर चढवला. वरण-भात, तूप, लिंबू. बाहेर गारठा होता म्हणून आम्ही तिथेच झोपलो.

सकाळी कपाळावर थेंब पडला. वर पाहते तर खिडकीभोवती सगळं छत थेंबांनी भरलेलं. आजोबा उठून बसले. त्यांनी चष्मा लावला आणि फोनमध्ये भंगारवाल्याचा नंबर शोधायला लागले. मी गादीवर बसून राहिले. काय चुकलं, कुठली कड सुटली, काही उमजेना.

तेवढ्यात शेजारच्या बाई शिड्या न्यायला आल्या. दारातून डोकं आत घातलं आणि नाक वर केलं. "आल्झो... बरं, काय शिजवलंत?"

"डाळ आणि भात."

"किती वेळ?"

"पाच शिट्ट्या." त्यांना शिट्टी कळेना, तेव्हा मी कुकर दाखवला. त्यांनी कुकर पाहिला, छताकडे पाहिलं, खिडकीच्या चौकटीखालून बोट फिरवलं. "या फटी कोणी बुजवल्या?"

"मी," मी अभिमानाने सांगितलं.

बाई आधी हसल्याच नाहीत. त्या फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात, त्या म्हणाल्या. आत गॅस पेटतो, माणसं श्वास घेतात. ती हवा कधीही बंद करायची नाही, नाहीतर वाफ आत कोंडून छताला थेंब धरतात आणि जिवावरही बेततं. या फटींना जर्मनमध्ये 'सक्तीची हवा' अशा अर्थाचा शब्द आहे. मग मात्र त्या खो खो हसत सुटल्या. "तुमचं छत गळत नाही हो. तुमचा भात गळतोय!"

"या देशात हवासुद्धा सक्तीची!" आजोबा पुटपुटले, पण चेहरा उतरला होता. त्यांनीही तर वर चढून शाब्बास म्हटलं होतं!

मी कटर घेऊन पुन्हा फळीवर चढले आणि सगळ्या फटी मोकळ्या केल्या. शनिवार-रविवार धो धो पाऊस झाला. कुकर बाहेर कॅरॅव्हानला लावलेल्या कापडी मंडपाखाली शिट्ट्या देत होता आणि आम्ही आत कोरडे झोपलो. सोमवारी सकाळी बाईंनी ओल मोजायचं यंत्र आणून प्रत्येक कोपऱ्याला टेकवलं. प्रत्येक वेळी मी श्वास रोखायचे आणि प्रत्येक वेळी त्या म्हणायच्या, "ट्रोकन." म्हणजे कोरडं. फक्त कपाटामागे यंत्र जरा थबकलं. तिथली फळी काळी पडलेली होती, पण तीही सुकत आली होती.

आजोबांनी तिथेच भंगारवाल्याला फोन लावला. "हो, हो. नाही, येऊ नका. गेनाऊ, अगदी बरोबर. कारण? कारण माझ्या बायकोने दुरुस्त केलं." हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाठ केली होती. मी पुढे जाऊन समोर उभी राहिले.

तर पोरांनो, कॅरॅव्हान तळ्याकाठी आहे तिथेच उभी आहे. कपाटामागची एक फळी काळी आहे, ती तशीच ठेवली आहे. छत शाबूत आहे, आणि ते आमचं आहे.