बापटकाका, नज्मा आणि समैस्माचा मासा

गाडीच्या मॅट्समध्ये वाळू साठते ना, तसे आमच्या ग्रुपचे किस्से साठलेत. कितीही झटका, पुढच्या शुक्रवारी समुद्रावर गेलं की पुन्हा तेवढेच! कुणी घरी जेवायला आलं की पानं वाढून होईपर्यंत एखादा तरी सांगून झालेला असतो.

ग्रुप म्हणजे तीनच माणसं. मी मधुरा, पुण्याची, इथे दोह्यात एका कंपनीत फायनान्समध्ये. समीर मालवणकडचा, बांधकामाच्या साइटवर इंजिनिअर. आणि आमचे म्होरके बापटकाका. मूळ नाशिकचे, गॅस प्लांटमधले सीनियर इंजिनिअर, आणि जन्मात अंडंसुद्धा न खाल्लेले!

या माणसाला वेड फ्लाय फिशिंगचं. पिसं आणि दोरे गुंडाळून एक खोटं भक्ष्य करायचं, त्याला म्हणायचं फ्लाय. ते लांब दोरीने हवेत मागे-पुढे फिरवून अलगद पाण्यावर टाकायचं. मासा फसला की हातात घ्यायचा, डोळे भरून बघायचा आणि सोडून द्यायचा. आमचे गळही बिनकाट्याचे, माशाला जखम नको म्हणून. काकांना हे एका परदेशी कलीगने शिकवलं. तो देश सोडून गेला आणि वेड इथे ठेवून गेला.

आम्हा दोघांना काकांनी शिकवलं. आम्हाला मासे मिळायला लागले. काकांना मात्र एकही नाही. कधीच नाही!

*

काका प्रॅक्टिस करायचे अल गराफा भागातल्या त्यांच्या कंपाउंडमध्ये, पार्किंगमध्ये. अंगात ऑफिसचा शर्ट, हातात ती लांबलचक काठी, डोक्यावरून दोरी सूं सूं करत चाललेली, आणि नजर आकाशात.

वॉचमन बराच वेळ बघत होता. शेवटी जवळ आला, हळूच म्हणाला, "साब, पतंग किधर अटका है? मैं सीढ़ी लाता हूँ!"

काकांनी त्याला सगळं समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली आणि तरीही शिडी आणून ठेवली.

*

समीरला पहिला मासा मिळाला तो दोह्याच्या उत्तरेला, समैस्माच्या किनाऱ्यावर. चांगला हातभर लांब, चांदीच्या पत्र्यासारखा चमकणारा क्वीनफिश. पठ्ठ्याने लगेच आईला व्हिडिओ कॉल लावला.

आई इतकी खूश! "रे बाबा, ताजो फडफडीत आसा! तिरफळा घाल हां. आणि डोक्याचा वेगळा सार कर."

तेवढ्यात काकांनी डोळे वटारले. समीरने फोन माझ्या हातात दिला, मासा पाण्यात धरला आणि सोडला. हे सगळं आईने लाइव्ह बघितलं.

आईने फोन डोळ्यांजवळ नेला. मग काळजीचा आवाज आला, "समीर, तुझी तब्येत बरी आसा मां?"

*

काकूंचं, म्हणजे बापटकाकूंचं, या सगळ्यावर एकच म्हणणं होतं. "खायचा नाही तर त्या मुक्या जिवाला छळता कशाला?" मासेमारीला त्यांनी बंदी घातली नाही, पण नियम घातला. दाराबाहेर चपलांच्या कपाटावर हँडवॉशची बाटली आणि पाण्याचा जग. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, समुद्रावरून आलात की हात बाहेर धुवायचे, दोनदा. मग घरात पाय. स्वयंपाकघरात तर आंघोळीशिवाय प्रवेश नाही! मी चहाला गेले तरी मलाही तोच कायदा.

आणि काका हात धुवत असताना काकू दारातून विचारायच्या, "मिळाला?"

काका म्हणायचे, "इन्शाल्ला, पुढच्या शुक्रवारी."

एकदा गणपतीच्या आदल्या दिवशी काकूंनी मखर काढलं. बघतात तर एका बाजूच्या सोनेरी झिरमिळ्या गायब! "अहो, यंदा मखराला टक्कल कसं पडलं?"

काका पेपरमागे. त्यांच्या डब्यातल्या सगळ्या फ्लाय झगझगीत सोनेरी झालेल्या होत्या. त्यातलीच एक मी उसनी घेतली आणि त्याच आठवड्यात मला मासा मिळाला. काकू म्हणाल्या, "बघा, मासे माझ्या सजावटीला भुलतात. तुमच्या हाताला नाही!"

*

काकांचा दोष हाताचा नव्हता, पायांचा होता. माणूस सहा फुटी, वजनदार. समैस्माला पाणी लांबवर गुडघ्याएवढंच. काका उतरले की धप् धप् लाटा निघायच्या. समीर म्हणायचा, "काका पाण्यात पाय घालतात आणि मासे बहारीनला जातात!"

एका हिवाळ्यातल्या सकाळची गोष्ट. ऊन नुकतं वर आलेलं, वारा अजिबात नाही. अचानक समोरचं पाणी उकळल्यासारखं झालं. क्वीनफिशचा अख्खा थवा छोट्या माशांना हाकत किनाऱ्याकडे येत होता. शेकडो छोटे मासे एकदम हवेत उडायचे, उन्हात चमकायचे, पडायचे, पुन्हा उडायचे. वर बगळे, खाली ही चांदी! मागे दूर दोह्याचे टॉवर दिसत होते आणि इथे हे चाललेलं.

समीर ओरडला, "काका, टाका! टाका!"

काकांनी काठी काखेत धरली होती आणि हात जोडले होते. थवा निघून गेला. समीर कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, अहो दर्शन नंतर घ्यायचं होतं!"

*

काकांचं खरं स्वप्न वेगळंच होतं. कॉन्ट्रॅक्ट संपलं की थेट नाशिकला जायचं नाही. आधी कुठल्यातरी उंच डोंगरात जायचं, दिवसभर घोड्यावरून वर चढायचं आणि बर्फाच्या ओढ्यातला, कुणी न पाळलेला ट्राउट मासा पकडायचा. त्यासाठी ते घोडेस्वारी शिकत होते! समैस्माला अबू सालेम राहतात, काकांचे ऑफिसातले जुने दोस्त, आता रिटायर. त्यांची एक म्हातारी पांढरी घोडी आहे, नज्मा.

पहिल्या दिवशी अबू सालेम "यल्ला, यल्ला", म्हणजे चल चल, करून दमले. नज्मा ढिम्म. शेवटी काका वैतागून मराठीत म्हणाले, "अगं बाई, चल ना आता, उशीर होतोय!" आणि नज्मा चालायला लागली!

अबू सालेमनी इंग्रजीत विचारलं, "बापट, काय सांगितलंस तिला?"

"घरी बायकोला सांगतो तेच."

"आणि ती ऐकते?"

"नाही. म्हणून तर इकडे येतो!"

पुढे काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, घोड्यावर बसा, पण सपाटीवर. डोंगर खलास. काकांच्या टेबलावरचे डोंगरांचे नकाशे दिसेनासे झाले. आता त्यांच्यापुढे हाच समुद्र होता, आणि कॉन्ट्रॅक्ट संपत आलेलं.

*

शेवटचा शुक्रवार. रविवारी काका-काकूंचं विमान. अबू सालेमना निरोप द्यायला सगळेच गेलो, काकूही. त्या पहिल्यांदाच किनाऱ्यावर आल्या होत्या. खांद्याला पर्स, पायात मोजे, वाळूपासून चार पावलं लांब.

काकांना नज्मावर एकदा शेवटचं बसायचं होतं. स्टूल ठेवून आम्ही चढवलं. म्हणाले, "काठी दे गं मधुरा. असू दे हातात." नज्मा सवयीने पाण्यात शिरली. अबू सालेम रोज सकाळी तिचे पाय समुद्रात भिजवतात.

आणि मग आम्ही बघितलं. मासे पळाले नाहीत! घोडीच्या पायांना ते घाबरतच नव्हते. क्वीनफिश आले, अगदी जवळ आले, तिच्या चारी पायांमधून वळणं घेत फिरायला लागले. काका वरून खाली बघत होते. त्यांना सगळं दिसत होतं.

काकांनी हळूच दोरी हवेत घेतली. एकदा मागे, एकदा पुढे. मखराची झिरमिळी पाण्यावर टेकली.

दोरी करकरली! मासा खोल पाण्याकडे सुटला आणि नज्मा, कुणी काही न सांगता, त्याच्या मागे निघाली. पोटापर्यंत पाण्यात गेली. तो वळला तशी तीही वळली. अबू सालेम पुटपुटत होते, "माशाल्ला, माशाल्ला." बऱ्याच वेळाने मासा दमून तिच्या बाजूला आला. नज्माने मान खाली घातली आणि त्याला हुंगलं.

पण काका उतरणार कसे? एका हातात लगाम, दुसऱ्यात काठी, आणि तो गुडघा. मासा फार वेळ तसा राहिला तर मरेल. काका ओरडले, "अरे, कुणीतरी सोडवा त्याला! लवकर!"

समीर बूट काढत होता. त्याच्या हातात पर्स आली. "ही धर," काकू म्हणाल्या.

मोज्यांसकट, सलवार-कमीजसकट काकू पाण्यात. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. नज्माच्या मानेला धरून उभ्या राहिल्या. मग दोन्ही हात पाण्याखाली घातले आणि तो मासा तान्ह्या बाळाला उचलावं तसा वर धरला.

"अहो, मिळाला," त्या म्हणाल्या.

काकूंनी गळ हलकेच काढला, मासा पाण्यात ठेवला, आणि तो गेला.

फोटो कुणीच काढला नाही. कुणाला सुचलंच नाही!

परत येताना गाडीत काकू मागे माझ्याशेजारी, ओल्या कपड्यांनी, दोन्ही तळवे मांडीवर उघडे ठेवून बसल्या होत्या. समीरने पुढून हँडवॉश आणि पाण्याची बाटली मागे केली.

काकू म्हणाल्या, "राहू दे रे. इतक्यात नको."