दुसऱ्या गिटारीसाठी वेरूळपर्यंत

रविवारी पहाटे वाईच्या एस.टी. स्थानकावर उभे राहिलो, तेव्हा माझ्या खांद्यावर गिटारीची लांबट पेटी होती आणि सौ. सुमतीच्या हातात दशम्यांचा डबा. छत्रपती संभाजीनगरला जाऊन दुसरी गिटार निवडायची आणि वेरूळला घृष्णेश्वराचे दर्शन घ्यायचे, असा बेत होता. पाठशाळेत आयुष्यभर व्याकरण शिकवलेल्या माणसाने त्र्याहत्तराव्या वर्षी विजेच्या गिटारीसाठी इतकी पायपीट करावी, याचे पुष्कळांना हसू येते. मला त्यात विसंगती कधीच वाटली नाही.

माझी गिटार हवाईयन पद्धतीची आहे. ती मांडीवर आडवी ठेवतात, उजव्या हाताच्या नख्यांनी तारा छेडतात आणि डाव्या हातातील पोलादी कांडी तारांवरून सरकवीत सूर काढतात. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जाताना मध्ये पायरी लागत नाही. कंठातल्या स्वरासारखा तो वाहतो. तरुणपणी गणेशोत्सवातल्या एका वाद्यवृंदात हे वाद्य प्रथम ऐकले आणि ते स्तोत्रांसाठीच घडले असावे, अशी माझी खात्री झाली. विवाहानंतर पंचेचाळीस वर्षे रोज प्रातःपूजा झाली की सुमती शंकराचे स्तोत्र म्हणे आणि मी साथ करी.

गेल्या चैत्रापासून ती म्हणेनाशी झाली. वरचा षड्ज लागत नाही, म्हणाली. आमचा सूर म्हणजे बाजाच्या पेटीवरची पाचवी काळी पट्टी, काळी पाच. मी गिटारीचा सूर उतरवून पाहिला, तर तारा सैल पडल्या आणि कांडीखाली फडफडू लागल्या. "राहू द्या. माझा गळा गेला म्हणून तिचा कशाला बिघडवता?" एवढे बोलून तिने विषय मिटवला. तेव्हापासून पूजेनंतर मी एकटा वाजवतो आणि ती निर्माल्य गोळा करते. खालच्या पट्टीत तितकीच भरीव बोलणारी दुसरी गिटार मिळाली, तर सुमतीचे गाणे परत येईल, या एकाच आशेने हा प्रवास मांडला होता. पुण्याच्या दुकानांत हवाईयन गिटार मागितली की उभी धरायची पुढे करतात. संभाजीनगरजवळच्या बजाजनगरात एक गृहस्थ हवाईयन गिटारी स्वतः घडवतात, हे एका जुन्या विद्यार्थ्याने कळवले आणि मी लगेच गाडीची वेळ पाहिली.

अहिल्यानगर मागे पडल्यावर जमीन काळी होत गेली. कपाशीची बोंडे फुटली होती. प्रवरासंगमाजवळ गाडी गोदावरीच्या पुलावर आली, तेव्हा खिडकीतूनच हात जोडले. सायंकाळी शहरात उतरून क्रांती चौकाजवळच्या उतारगृहाकडे जायला रिक्षा केली. रिक्षावाला आरशातून माझ्या पेटीकडे पाहत होता.

"आजोबा, लई जपून धरलीय. बंदूक हाय का काय?"

"सवत आहे माझी," सुमती म्हणाली.

"मग मधी बसवा की तिला. भांडणं व्हायची नाय."

"भांडण नाहीच. उद्या तिला धाकटी बहीण आणायला निघालोय आम्ही."

तो इतका हसला की चौकातले वळण चुकला आणि आम्हाला पूर्ण वळसा घालून आणावे लागले. वळशाचे पैसे मात्र त्याने घेतले नाहीत. रात्रीच्या जेवणात ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेले धान्य व मसाले दळून केलेले पीठ) लावलेली आमटी होती. आमच्याकडच्या आमटीत गोडाचा जो स्पर्श असतो, तो हिच्यात नाही. हिची चव सरळ आणि खमंग. मी दोनदा मागून घेतली.

सोमवारी सकाळी बजाजनगर गाठले. वाळूजच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून आलेले कामगार टपऱ्यांवर चहा पीत होते. गिटारी घडवणाऱ्या त्या गृहस्थांचे, गफूरभाईंचे, घर त्यांपैकी एकाने दारापर्यंत येऊन दाखवले. गफूरभाईंनी तीस वर्षे एका कारखान्यात विजेच्या मोटरींसाठी तारांची वेटोळी गुंडाळण्याचे काम केले होते. निवृत्त झाल्यावर तोच हात गिटारीकडे वळला. तारेचे कंपन उचलून विजेत नेणारे वेटोळेही ते हातानेच गुंडाळतात.

"या गुरुजी. ताई, तुम्ही इकडं बसा, पंख्याखाली. आधी जुनी ऐकवा. तिची ओळख झाल्याबिगर दुसरी कशी दाखवू?"

मी पाव तास वाजवले. ते डोळे मिटून ऐकत होते. "लई गोड हाय," म्हणाले, "अजून जवान हाय." मग त्यांनी आतून दोन गिटारी आणल्या. पहिली माझ्या गिटारीच्याच मापाची आणि तिच्यासारखीच झळाळून बोलणारी. दुसरी शिसवी लाकडाची, चार बोटे लांब, वजनाने जड, तारा जाड. माझ्या नेहमीच्या द्रुत ताना पहिलीवर सहज उमटल्या. दुसरीवर त्या उशिरा आणि जडपणे निघाल्या. मला ती मठ्ठ वाटली. माझ्या कानावर माझा विश्वास आहे. अर्ध्या तासात मी पहिली पसंत केली.

"घ्या की," गफूरभाई म्हणाले. "पण ताई गाणार कोणत्या सुरात?"

"काळी चारला. एक पट्टी खाली," मी सांगितले.

"मी ताईंना इचारलं."

सुमती पदर सावरीत म्हणाली, "मला काय विचारता? हिला जो सूर मानवतो, तो माझा."

"म्हंजे काळी पाच तुमचा सूर नव्हता?"

"लग्नाआधी मी चारलाच गात होते. यांची गिटार पाचला खुलते म्हणाले, म्हणून चढवला. तेव्हा चढत होता."

भाजीचा भाव सांगावा इतक्या साधेपणाने तिने हे सांगितले. ते मला माहीत नव्हते असे नाही. विवाहानंतरच्या पहिल्या आठवड्यातली ती गोष्ट होती, आणि मी ती एकदाच घडून गेलेली म्हणून सोडून दिली होती. तिला मात्र ती रोज पहाटे करावी लागली होती.

गफूरभाईंनी तिला दोन्ही गिटारींबरोबर एकेक ओळ म्हणून पाहायला सांगितले. ती नाही म्हणाली. "स्तोत्र आहे ते. नमुना म्हणून कसं म्हणू?"

"बरोबर हाय," ते लगेच म्हणाले. "नमाज कोणी चाचणी म्हणून पढत नाय. एक करा गुरुजी. तुम्ही वेरूळला निघालेच हाय, तर दोन्ही घेऊन जा. देवापाशी म्हणतील ताई. उद्या जी नको ती आणून द्या."

"अनोळखी माणसाच्या हाती दोन गिटारी देता?"

"तुमची जुनी इथं ठेवा. मग ना तुम्हाला घोर, ना मला."

पंचेचाळीस वर्षांत ती गिटार परक्या घरी राहिली नव्हती. तरी मी ती पेटीसकट त्यांच्या हाती दिली. सोमवारचा उपवास आहे असे कळल्यावर त्यांच्या पत्नीने दौलताबादकडची सीताफळे पुढे ठेवली. इतकी मोठ्या डोळ्यांची आणि दाट गराची सीताफळे मी यापूर्वी खाल्ली नव्हती.

दुपारी काळी-पिवळीने (ठिकठिकाणी प्रवासी घेत जाणारी जीप) निघालो. दौलताबादचा किल्ला उजवीकडून डावीकडे सरकत गेला, मग घाट, खुलताबाद, आणि उतारावरून खाली वेरूळ. दोन गिटारी आणि माझा छोटा, बॅटरीवर चालणारा ध्वनिवर्धक पायांत घेऊन मी अवघडून बसलो होतो. सायंकाळी दर्शन घेतले. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांनी अंगावरची वस्त्रे काढून, उघड्या अंगाने जायचे असते. तेथे शिवलिंगाला भक्ताचा हात लागू शकतो, आणि त्या थंड शिळेवर तळहात टेकल्यावर मनातली सारी मागणी एका वाक्यात मावली. सुमती माझ्या शेजारी होती. तिचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

मुक्काम क्षेत्रोपाध्यायांच्या घरी होता. मंगळवारी सकाळी स्नान, पूजा आटोपून ओसरीवर आसन मांडले, दोन्ही गिटारी काढल्या, ध्वनिवर्धक जोडला आणि कांडीसाठी पिशवीत हात घातला. कांडी नव्हती. ती नेहमी जुन्या गिटारीच्या पेटीतल्या खणात असते, आणि पेटी बजाजनगरात होती. धनुष्य घेऊन निघायचे आणि बाण घरी विसरायचे, तसा हा प्रकार. मी पिशव्या दोनदा रिकाम्या केल्या. उपाध्यायांच्या पत्नी वत्सलाबाई दारात आल्या.

"काय हरवलं काका?"

"पोलादी कांडी. बोटाएवढी, गोल, गुळगुळीत. तारांवर फिरवायची."

त्या आत गेल्या आणि पितळी बत्ता धुऊन, पुसून घेऊन आल्या. "ह्यो चालतो का बघा. जरा वेलदोड्याचा वास येईल."

पहिल्या गिटारीवर बत्ता टेकवला, तर त्याच्या वजनाने बारीक तारा दबून लाकडाला लागल्या आणि खडखड झाली. शिसवीवर टेकवला. जाड तारांनी तो पेलला आणि एक खोल, स्थिर नाद निघाला. ताना मात्र अशक्य होत्या. कांडी दोन बोटांत फिरते, बत्त्याला सारी मूठ लागते. एका सुरावर तो धरायचा आणि सावकाश दुसऱ्यावर न्यायचा, एवढेच शक्य होते.

"कोणता सूर लावू?" मी सुमतीला विचारले. हा प्रश्न मी तिला याआधी केला नव्हता.

तिने हलकेच हुंकार दिला. मी समजत होतो त्याहून तो खाली होता, काळी तीन. मी खुंट्या उतरवून तारा तिथे आणल्या.

पहिला श्लोक तिने जमिनीकडे पाहत म्हटला. आवाज किंचित घोगरा होता. मी मागे षड्ज धरून राहिलो, मग पंचम, पुन्हा षड्ज. तिसऱ्या श्लोकाला तो आवाज मोकळा झाला. तरुणपणीची धार त्यात नव्हती. शिळेवर तळहात टेकल्यावर जो गारवा वर चढत येतो, तसे काहीसे त्यात होते. दोन श्लोकांमधली जागा मी नेहमी तानेने भरीत असे. आज ती तशीच राहिली, आणि त्या जागेत सुमती श्वास घेते, तो शेवटपर्यंत पुरा घेते, हे माझ्या कानांना पहिल्यांदा ऐकू आले. वत्सलाबाई तांदूळ निवडायचे थांबवून उंबऱ्यावर बसल्या होत्या. सात महिन्यांनी तिने स्तोत्र पूर्ण म्हटले.

झाल्यावर ती म्हणाली, "आज मधे मधे आला नाहीत."

"बत्त्याने येऊ दिलं नाही."

"मग बत्ताच विकत घ्या," वत्सलाबाई म्हणाल्या, आणि तिघेही हसलो.

त्याच दुपारी बजाजनगरला जाऊन पहिली गिटार परत केली. गफूरभाईंनी माझी कांडी फडक्यात गुंडाळून ठेवली होती. "रातीला दिसली. म्हटलं, आता गुरुजी काय करणार. मग वाजवली कशी?" मी बत्त्याची हकीकत सांगितली. ते बराच वेळ हसले आणि डोळे पुसत म्हणाले, "शिसवीच घेणार तुम्ही, व्हय ना? ती घाईच्या माणसाला मठ्ठच वाटती." मी ते निमूट मान्य केले.

जुनी गिटार आता कशाला ठेवायची, असे परतीच्या गाडीत मी म्हणून पाहिले. सुमतीने ते उडवून लावले. "तिनं काय केलंय? दुपारी वाजवा की तिच्यावर तुमच्या ताना. मी तेव्हा झोपलेली असते."

तसेच चालले आहे. दुपार जुनीची, पहाट शिसवीची. भाष्याने सूत्राच्या मागे चालावे, पुढे धावू नये, हे मी पाठशाळेत पिढ्यानपिढ्यांच्या विद्यार्थ्यांना सांगितले, आणि घरी मात्र सूत्र भाष्याच्या पट्टीत ओढून बसवले. ही चूक दाखवायला मला चारशे किलोमीटर जावे लागले. गेलो हे चांगले झाले. वाद्य योग्य निवडले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. निवडले कोणी, याबद्दलही आता नाही.

मार्गशीर्षात कृष्णेवरचे धुके दारापर्यंत आले. त्या पहाटे देवापुढे बसताना सुमती म्हणाली, "घसा बसलाय. आज पांढरी चारला घ्या."

मी खुंट्या उतरवल्या आणि तिच्या सुराची वाट पाहत बसलो.